एका कवचाच्या दोन साक्षी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरात कोणी आजारी पडले की प्रथम तापमापक शोधला जातो. तो काखेत किंवा जिभेखाली ठेवला की पारा वर चढतो आणि काळजी किती करावी याचा अंदाज येतो. मात्र हा तापमापक केवळ त्या क्षणाचा ताप सांगतो. काल रात्री ताप किती होता, हे आज सकाळी तापमापक लावून कळत नाही. त्यासाठी उशाशी बसून कोणीतरी नोंद ठेवलेली असावी लागते. मग वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राचे पाणी किती उष्ण होते, हे कोणी आणि कसे सांगावे? पाऱ्याचा तापमापक फॅरनहाइटने सिद्ध केला तो १७१४ साली. वीस हजार वर्षांपूर्वी तापमापक तर नव्हताच, पण नोंद करायला लिपीही नव्हती.

तरीही आजचे शास्त्रज्ञ सांगतात, की शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना विषुववृत्तीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग आजच्यापेक्षा सुमारे २.१ अंश सेल्सिअसने थंड होता. ऐकणाऱ्याने थबकावे असा हा आकडा आहे. नुसते ‘थंड होता’ असे म्हटले असते तर एक वेळ पटले असते. दशांश चिन्हानंतरचा अंक कोणाच्या भरवशावर लिहिला गेला?

तो लिहिला गेला वाळूच्या कणाएवढ्या एका कवचाच्या भरवशावर. ही साक्ष ऐकायला मनुष्य कसा शिकला, ऐकताना कुठे फसला आणि मग सावरला कसा, ही आजच्या व्याख्यानाची कथा आहे. शाळेच्या महोत्सवात ती सांगण्याचे कारण असे, की तिचा कणा शाळेतल्या बीजगणिताचा आहे.

प्रथम साक्षीदाराची ओळख. त्याचे नाव फोरॅमिनिफेरा. छिद्र या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते पडले; मराठीत त्याला छिद्रधारी म्हणता येईल. हा एकपेशीय जीव. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, डोळे नाहीत. पण समुद्राच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन त्याच्या अनेक जाती स्वतःभोवती चुनखडीचे घर बांधतात. एक खोली अपुरी पडली की तिला लागून दुसरी मोठी खोली, ती अपुरी पडली की तिसरी, असे हे घर वाढत जाते. बहुतेक जाती समुद्राच्या तळाशी राहतात. सुमारे पन्नास जाती मात्र पाण्याच्या वरच्या थरांत तरंगत जगतात. उष्ण समुद्रांत विपुल आढळणारी ‘ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर’ ही त्यांपैकी एक. तिचे आयुष्य काही आठवड्यांचे आणि कवचाची रुंदी मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी.

जीव संपतो, कवच रिकामे होते आणि हळूहळू तळाशी जाऊन बसते. त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगातील महासागरांचा तळ चाचपला, तेव्हा हजारो मैलांच्या प्रदेशात तळाचा गाळ मुख्यतः याच कवचांचा बनलेला आढळला. खोल समुद्रात असा गाळ हजार वर्षांत साधारण दोन ते तीन सेंटिमीटर साचतो. या हिशोबाने या शाळेची साठ वर्षे म्हणजे तिथला जेमतेम दीड मिलिमीटर, वहीच्या पुठ्ठ्याची जाडी. मात्र दहा-बारा मीटर लांबीची नळी या गाळात उभी रोवून वर काढली, की लाखो वर्षांचा दप्तरखाना एकावर एक रचलेल्या थरांत हाती येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७-४८ साली, ‘अल्बाट्रॉस’ या जहाजावरून निघालेल्या स्वीडिश मोहिमेने कुलेनबर्ग याने तयार केलेल्या नळीने असे लांब नमुने वर आणले आणि हा दप्तरखाना वाचायला खुला झाला.

वाचायचा कसा, हे सुचवले हॅरल्ड यूरी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने. हायड्रोजनच्या जड समस्थानिकाच्या शोधासाठी १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा विद्वान युद्धानंतर शिकागो विद्यापीठात होता. ऑक्सिजनचे अणू एकाच वजनाचे नसतात. बहुतेकांचे अणुवस्तुमान १६ असते. सुमारे पाचशेंमध्ये एक अणू मात्र १८ चा, दोन न्यूट्रॉन जास्त घेऊन वावरणारा. दोघांचे रसायन एकच, पण जड अणू वजनामुळे किंचित वेगळा वागतो. पाण्यात चुनखडीचे कवच तयार होते तेव्हा जड ऑक्सिजनचे प्रमाण पाण्यापेक्षा कवचात थोडे अधिक असते, आणि पाणी जितके उष्ण तितके हे आधिक्य कमी. यूरीने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने मांडले. याचा अर्थ असा, की कवचातील दोन ऑक्सिजनांचे गुणोत्तर मोजता आले, तर ते घडले त्या वेळच्या पाण्याचे तापमान कळेल.

हे म्हणायला सोपे होते. तापमान एका अंशाने बदलले तर हे गुणोत्तर हजारात सुमारे ०.२ एवढेच बदलते. इतका बारीक फरक पकडणारे यंत्र तेव्हा तयार मिळत नव्हते. यूरी आणि त्याचे सहकारी लोवेनस्टॅम, एपस्टाइन व मॅकिनी यांनी ते सिद्ध केले आणि १९५१ साली एक आश्चर्यकारक निष्कर्ष प्रसिद्ध केला. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर सापडलेला, माकुळाच्या दूरच्या नात्यातील एका नामशेष प्राण्याचा, म्हणजे बेलेम्नाइटचा जीवाश्म त्यांनी आडवा कापला आणि झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे असलेले त्याचे थर एकेक करून तपासले. ज्युरासिक काळातल्या, म्हणजे दीडशे दशलक्ष वर्षांहून जुन्या त्या प्राण्याने तीन उन्हाळे व चार हिवाळे पाहिले होते, वसंत ऋतूत सुमारे चार वर्षांचा होऊन तो मेला होता, आणि त्याच्या समुद्राचे सरासरी तापमान १७.६ अंश होते, असे त्या थरांनी सांगितले. दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, ठरावीक तापमानाच्या पाण्यात वाढवलेले शंख-शिंपले तपासून या मंडळींनी गुणोत्तरावरून तापमान काढण्याचे सूत्रही दिले.

सूत्र हाती आले, पण त्यात एक अडचण होती आणि ती यूरीलाही ठाऊक होती. कवचातील गुणोत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, पाण्याचे तापमान. दुसरी, मुळात त्या पाण्यात जड ऑक्सिजन किती होता. आजच्या समुद्राचे पाणी बाटलीत भरून तपासता येते. लाखो वर्षांपूर्वीचे पाणी कुठून आणायचे? या सभागृहात गणिताचे शिक्षक बसले आहेत. एक समीकरण आणि दोन अज्ञात संख्या असतील तर एकमेव उत्तर निघत नाही, हे त्यांनी किती पिढ्यांना फळ्यावर लिहून शिकवले असेल! अशा वेळी विद्यार्थी काय करतो? एका अज्ञात संख्येची किंमत तो अंदाजाने धरतो आणि दुसरी काढतो. महासागराच्या बाबतीत नेमके तेच घडले.

चेझारे एमिलियानी हा बोलोन्यात जन्मलेला तरुण इटालियन शास्त्रज्ञ शिकागोत यूरीच्या प्रयोगशाळेत आला. त्याने कॅरिबियन समुद्र, अटलांटिक इत्यादी ठिकाणच्या लांब नमुन्यांतून तरंगत्या फोरॅमिनिफेरांची कवचे वेचली, थरामागून थर तपासले आणि १९५५ साली हिमयुगातील तापमानांवरचा आपला विख्यात निबंध प्रसिद्ध केला. तोवर भूशास्त्राच्या पुस्तकांत मोजकी चार हिमयुगे सांगितली जात. एमिलियानीच्या आलेखात गुणोत्तराची लाट त्याहून अधिक वेळा वर-खाली होत होती. पृथ्वी पुनःपुन्हा गारठली आणि पुनःपुन्हा उबदार झाली, हे त्याने दाखवले. त्या टप्प्यांना दिलेले क्रमांक आजही जगभर वापरले जातात. आणि कॅरिबियनचे पाणी हिमकाळात आजच्यापेक्षा सुमारे ६ अंशांनी थंड झाले होते, असे त्याने सांगितले.

हे ६ अंश काढण्यासाठी त्याला दुसऱ्या अज्ञात संख्येची किंमत धरावी लागली होती. त्यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा हलका ऑक्सिजन असलेले रेणू अधिक सहजपणे उडतात, आणि ढग ध्रुवांकडे जाता जाता जड ऑक्सिजन पावसातून आधी गळतो. म्हणून ध्रुवप्रदेशात पडणारे हिम हलक्या ऑक्सिजनने समृद्ध असते. एरवी नद्यांवाटे पाणी समुद्रात परतते आणि जमाखर्च जुळतो. हिमयुगात मात्र हे हिम उत्तर अमेरिका व उत्तर युरोपवर किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या थरांत साचून राहिले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. तेवढे पाणी जमिनीवर कैद झाले, तेही हलक्या ऑक्सिजनचे. साहजिकच मागे उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढले.

म्हणजे पाणी थंड झाले तरी कवच जड होते, आणि जमिनीवर बर्फ साचला तरी कवच जडच होते. दोन्ही कारणे एकाच दिशेला ढकलतात. कवचाची साक्ष खरी होती. पण ती तापमानाबद्दल किती आणि बर्फाबद्दल किती, हे त्या एका आकड्यातून कळत नव्हते. एमिलियानीने बर्फाचा वाटा लहान धरला, म्हणून थंडीचा वाटा मोठा निघाला.

ही गाठ सोडवली केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन याने. सनई जातीचे क्लॅरिनेट हे वाद्य वाजवण्याचा आणि जमवण्याचा नाद असलेल्या या तरुणाने मोजणीच्या यंत्रात सुधारणा केली आणि फार थोड्या कवचांवरही काम चालेल असे केले. या सुधारणेमुळे नमुन्यांत विरळ सापडणारी, समुद्रतळावर राहणाऱ्या जातींची कवचे तपासणे शक्य झाले. १९६७ साली त्याने जो युक्तिवाद मांडला तो एखाद्या हुशार विद्यार्थ्यालाही समजावा इतका सरळ आहे. खोल समुद्राच्या तळाचे पाणी आजच दोन-तीन अंशांवर आहे. समुद्राचे पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठते. म्हणजे तळाचे पाणी हिमयुगात सहा अंशांनी थंड होणे शक्यच नाही. तेवढे उतरायला खाली जागाच नाही. तरीही तळावरच्या कवचांतील बदल जवळजवळ पृष्ठभागावरच्या कवचांतील बदलाएवढाच आहे. मग हा बदल बहुतांशी तापमानाचा असू शकत नाही. तो पाण्यातच झालेला बदल आहे, म्हणजे तो बर्फाचा आहे.

ज्याला तापमापक समजले होते, तो मोठ्या अंशाने पृथ्वीवरच्या बर्फाचा तराजू निघाला. वरवर पाहता हा पराभव होता. प्रत्यक्षात साऱ्या महासागरांचे पाणी एकमेकांत मिसळत असल्याने बर्फाची ही खूण जगातल्या प्रत्येक नमुन्यात एकाच वेळी उमटते. म्हणून एका महासागराचा आलेख दुसऱ्याशी जुळवता आला. १९७६ साली हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातील दोन नमुन्यांच्या आधारे दाखवले, की हिमयुगांच्या येण्याजाण्यात सुमारे १ लाख, ४२ हजार आणि २३ हजार वर्षांचे ताल आहेत. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीची कक्षा व अक्ष यांत होणाऱ्या संथ बदलांशी हे ताल जुळतात. सर्बियन गणिती मिलांकोविच याने काही दशके आधी कागदावर मांडलेल्या विचाराला समुद्राच्या गाळातून पुरावा मिळाला. एमिलियानीची मोजणी चुकलेली नव्हती; तिचा अर्थ दुरुस्त झाला आणि ती अधिक मोलाची ठरली.

पण मूळ प्रश्न तसाच उरला. पाणी थंड किती झाले होते? दोन अज्ञातांसाठी दुसरे समीकरण हवे होते. ते शोधण्यासाठी कुठे दूर जावे लागले नाही. ते त्याच कवचात होते.

चुनखडीच्या स्फटिकात कॅल्शियमच्या जागी अधूनमधून मॅग्नेशियम जाऊन बसते. पाणी जितके उष्ण, तितके ते अधिक बसते. शिवाय मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ही दोन्ही द्रव्ये समुद्रात लाखो वर्षे टिकून राहत असल्याने हिमयुगाच्या अवधीत पाण्यातील त्यांचे गुणोत्तर फारसे हलत नाही, आणि बर्फ साचल्याने तर ते मुळीच बदलत नाही. कवचात मॅग्नेशियम असते हे जुनेच ज्ञान होते. १९९० च्या दशकात ते तापमापक म्हणून वापरण्यायोग्य झाले. तरंगत्या जातींत दर अंशामागे मॅग्नेशियमचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पाणी २५ अंशांचे असेल तर कॅल्शियमच्या हजार अणूंमागे मॅग्नेशियमचे सुमारे ३.६ अणू, आणि २८ अंशांचे असेल तर सुमारे ४.७. ऑक्सिजनच्या पुसट फरकाच्या तुलनेत हा फरक ठळक म्हणावा लागेल.

आता हिशोबाची रीत पाहता येईल. समजा, हिमकाळातील कवच आजच्यापेक्षा ऑक्सिजनच्या मोजणीत हजारात १.८ ने जड निघाले. त्याच थरातील कवचांचे मॅग्नेशियम सांगते, की पाणी २.५ अंशांनी थंड होते. त्याचा वाटा साधारण ०.५५. जगभरच्या बर्फाचा वाटा सुमारे १. हा आकडा समुद्रतळाच्या गाळाच्या छिद्रांत अडकून राहिलेले हिमयुगीन पाणी तपासूनही पडताळला गेला आहे. दोन्ही वजा केल्यावर सुमारे ०.२५ उरते. ही बाकी टाकून द्यायची नसते. त्या ठिकाणचा पाऊस, नद्यांचे पाणी आणि बाष्पीभवन यांची ती खूण असते. दुसरे समीकरण मिळताच पहिल्या समीकरणातून तिसरी माहिती मिळू लागली.

भारतीयांसाठी ही तिसरी माहिती सर्वांत जिव्हाळ्याची आहे, कारण ती पावसाची आहे. पावसाळ्यात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी बंगालच्या उपसागरात पसरते आणि तिथल्या पृष्ठभागाची क्षारता उतरते. हे पाणी हलक्या ऑक्सिजनचे असते. म्हणून मॅग्नेशियमने तापमान ठरवून ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा केले, की ज्या शतकांत मोसमी पाऊस जोमाचा होता आणि ज्या शतकांत तो रोडावला, त्यांचा माग लागतो. ज्या पावसावर देशाची शेती उभी आहे त्याचा हजारो वर्षांचा इतिहास अशा रीतीने गाळातून वाचला जातो.

हे काम भारतात होते, ही अभिमानाची बाब आहे. गोव्यात दोना पावला येथील, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र आहे. १९८३ पासून सेवेत आलेल्या ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजाने हिंदी महासागरातून गाळाचे असंख्य नमुने आणले. आरंभी उल्लेखिलेला २.१ अंशांचा आकडा अशाच एका नमुन्यातला आहे; गोव्यातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह ‘रुबर’ जातीच्या कवचांतील मॅग्नेशियम मोजून तो २००५ साली प्रसिद्ध केला.

असा एक आकडा मिळवायला किती हातांना किती वेळ झटावे लागते, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे असे आहे. गाळ बारीक जाळीच्या चाळणीवर पाण्याने धुवायचा, वाळवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा. मग ओल्या टोकाच्या अतिशय बारीक कुंचल्याने एकाच जातीची, एकाच आकाराची कवचे एकेक करून उचलायची. ती काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये हलकेच फोडायची, म्हणजे आतल्या खोल्या उघड्या होतात. कारण आत अडकलेल्या चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असते आणि तिचा कण राहिला तरी समुद्र खोटाच उष्ण दिसू लागतो. म्हणून पुनःपुन्हा शुद्ध पाणी, मग मिथेनॉल, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. एवढे झाल्यावर यंत्राची पाळी. एका थराचा एक बिंदू, आणि आलेखाला असे शेकडो बिंदू लागतात.

साक्षीदार कोण आहे, हेही विसरून चालत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते आणि ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही जाती त्या पाण्यात विपुल वाढते. तिच्या कवचावरून अरबी समुद्राचे वर्षभराचे सरासरी तापमान सांगू गेल्यास फसगत होईल. ती प्रामुख्याने त्या थंड हंगामाबद्दल बोलते. फार खोल तळावरचे पाणी चुनखडी विरघळवते आणि मॅग्नेशियमयुक्त भाग आधी नेते. तिथे समुद्र खोटाच थंड दिसतो. क्षारतेचाही मॅग्नेशियमवर थोडा परिणाम होतो. दुसरा साक्षीदारही उलटतपासणीशिवाय स्वीकारायचा नसतो.

इतके कष्ट दोन-तीन अंशांसाठी कशाला, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनात आला असेल. १९७० च्या दशकात ‘क्लायमॅप’ या मोठ्या प्रकल्पाने गाळात कोणत्या जाती किती आहेत हे मोजून हिमयुगीन समुद्राचा नकाशा काढला, तेव्हा उष्ण कटिबंधाचे बरेचसे समुद्र फारसे थंड झाले नव्हते असे दिसले. ध्रुव गारठोत वा वितळोत, विषुववृत्त आपल्या जागी स्थिर राहते, असा दिलासा त्यात होता. पुढे मॅग्नेशियमने तो काढून घेतला. २००० साली पॅसिफिकमध्ये २.८ अंशांचा फरक निघाला, आणि मग विषुववृत्तीय हिंदी महासागरातील २.१. हिमकाळात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात १९० च्या आसपास होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० होते. आज ते ४२० च्या वर आहे. हवेतील या वायूला उष्ण समुद्र किती प्रतिसाद देतो, हे जोखण्याच्या ज्या थोड्या कसोट्या उपलब्ध आहेत, त्यांपैकी हिमयुग ही एक. उष्ण कटिबंध त्या वेळी हलला होता. तो आताही हलेल.

तो हलतो आहे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी सुमारे १ अंशाने वाढले. हा अहवाल पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने सिद्ध झाला. दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हिमयुगातून बाहेर पडताना विषुववृत्तीय हिंदी महासागर दोन अंशांनी तापायला हजारो वर्षे लागली. त्याच्या जवळजवळ निम्मी वाढ एका मनुष्याच्या आयुष्यात बसेल एवढ्या अवधीत झाली. समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या कुटुंबालाही हा हिशोब टाळता येणार नाही, कारण त्याच्या गावी येणारा पाऊस याच समुद्रावरून येतो.

पालकहो, या कथेतून शाळेने काय घ्यावे? वर्गात ‘उत्तर चुकले’ हे शब्द मुलांना फार झोंबतात, आणि घरी तर त्याहून अधिक. एमिलियानीचे सहा अंश आज कोणी मानत नाही. पण त्याचे आलेख जपून ठेवले गेले आणि त्याच आलेखांवर पुढच्यांनी इमारत उभारली. त्याने मोजणी प्रामाणिकपणे मांडली होती आणि दुसऱ्या अज्ञात संख्येसाठी काय धरले आहे हे उघडपणे लिहिले होते. म्हणूनच शॅकल्टनला नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळले. मुलाने उत्तराबरोबर आपण काय गृहीत धरले तेही लिहावे, आणि शिक्षकाने व आईवडिलांनी लाल शाई उचलण्यापूर्वी ते वाचावे. शाळा एवढे करू शकली तर तिने विज्ञान शिकवले असे म्हणता येईल.

अखेरीस पुन्हा एकदा त्या दीड मिलिमीटरकडे वळणे उचित होईल. या शाळेची घंटा पहिल्यांदा वाजली त्या वर्षापासून आजवर खोल समुद्राच्या तळावर तेवढाच थर साचला आहे. तळावरचे किडे वरचा काही सेंटिमीटर गाळ सतत उलथापालथ करतात, त्यामुळे ही साठ वर्षे तिथे कधीच वेगळी वाचता येणार नाहीत. ती वाचता येतील ती माणसांनी ठेवलेल्या नोंदींत, तापमापकाच्या वह्यांत आणि या स्मरणिकेसारख्या पुस्तकांत. मात्र आज समुद्रात तरंगणारी कवचे या पिढीच्या उष्ण पाण्याची नोंद आपल्या भिंतीत करीतच आहेत. काही हजार वर्षांनी कोणी कुंचला ओला करून ती उचलील, तेव्हा तापमान त्याला अचूक सापडेल. ते वाढले असता माणसांनी काय केले, हे त्याला दुसरीकडे शोधावे लागेल.